पावती जागेची, मापाची नाही

बाबा, म्हशाच्या जत्रेत लोखंडी मीटरपट्टी खांद्यावर टाकून हिंडणारे तुम्ही आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहात. जत्रा समितीचा एक माणूस बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडून जागेचे पैसे घेऊन पावती फाडायचा आणि त्यांची मापं तपासायचं काम तुमचं. ज्याचं माप बघायचं त्याच्या पालावर चहा घ्यायचा नाही, हा तुमचा नेम. एक कापडवाला पावती नाचवत म्हणतोय, "दादा, पैसे भरलेत की!" तुम्ही त्याच्या पट्टीला आपली पट्टी लावता. त्याची बोटभर आखूड. "पावती जागेची हाय रे, मापाची नाय. आनि ही काय थंडीनं आखडली?" सगळी रांग हसते, तोही हसतो, आणि पट्टी जप्त होते.

कॉलेजात असताना त्याच जत्रेत मी स्टेजवर चढलो आणि गर्जलो, बाहेरच्यांना हाकला! टाळ्या थांबेनात. घरी चुलीपुढे भाकरी मोडताना तुम्ही एवढंच म्हणालात, "हाकल. मंग तुज्या आयशीला घोंगडी तू विनून देशील? येऊ दे त्यांना. जागेचं घे, माप रोज बघ. बोंबलाया काय लागतं?" मी रागाने ताटावरून उठलो. टाळ्यांपेक्षा तुमचं वाक्य जास्त दिवस टिकलं.

आता शहापुरात एका परदेशी बँकेची शाखा आहे. महामार्गात जमिनी गेलेल्या आपल्या लोकांनी मोबदल्याचे पैसे तिथे ठेवलेत. पुन्हा जमीन मिळायची नाही, तेव्हा आहे ते एवढंच. ठेवीदारांच्या संघटनेने गेल्या आठवड्यात सभा घेतली. परदेशी बँकांकडून देखरेखीचं वार्षिक शुल्क घ्या, असा ठराव करून सरकारकडे धाडायचा होता. मुख्य वक्ता मी. परकं भांडवल, इथली माती, सगळा दारूगोळा भरून नेला होता. माझ्याआधी बँकेचे मॅनेजर उठले आणि गोड हसून म्हणाले, "शुल्काला आमची हरकत नाही." अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, "जितलो ना आपण! आता फक्त आग लावा."

मला एकदम तो कापडवाला दिसला, पावती नाचवणारा.

मी बोलायला उठलो, पण आवाज खालीच ठेवला. म्हणालो, शुल्क घ्याच. पण शुल्क भरलं म्हणजे व्यवहार तपासला असं होत नाही. दरवर्षी तपासणी झाली पाहिजे, तपासणाऱ्याचा पगार बँकेच्या मर्जीवर नको, आणि काय सापडलं ते आपल्या भाषेत शाखेच्या दारावर लागलं पाहिजे. हे ठरावात नसेल तर माझी सही नाही. सभा गार पडली. मागून एकजण ओरडला, "भाऊ, आज बॅटरी डाऊन काय?" टाळ्या चार-दोनच. पण अर्ध्या तासाच्या वादावादीनंतर ठरावात ती ओळ गेली. सरकार काय करेल ते ठाऊक नाही. मॅनेजरांचं हसू मात्र तेवढं गोड राहिलं नाही.

तुम्ही तर आता नाही, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? राहू दे माझ्याजवळच. तुमच्यापुढे पुरती शेखी मिरवताही येत नाही. काल मॅनेजरांनी बोलावलं, शाखा दाखवली, चहा मागवला, गप्पा मारल्या. अर्धा कप संपल्यावर तुमचा नेम आठवला. कप खाली ठेवायला हवा होता. ठेवला नाही, बाबा. आलं घातलेला होता.