भूखंड १७-ब वरील शेडचा पाया नको तितका सरळ असल्याबाबत

दि. ११ ऑक्टोबर

प्रति,
मा. भाजीबाग अधिकारी,
उद्याने व मोकळ्या जागा विभाग,
हॅदरक्लफ नगरपालिका, लँकशायर.

विषय : शेडचा पाया सिमेंटचा नसून केवळ समपातळीत असल्याबाबत, व तो आहे तसा राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. २ सप्टेंबर. २) तिच्या अगदी उलट असलेली आपलीच नोटीस, दि. १९ सप्टेंबर. ३) पुन्हा पहिलीच नोटीस, दि. ७ ऑक्टोबर.

महोदय,

मी खाली सही करणारा सिरिल कर्शॉ, वय ७१, स्लेटर लेनवरील नगरपालिकेच्या भाजीबागांपैकी भूखंड १७-ब चा भाडेकरू, सविनय कळवतो की, हा भूखंड मला नऊ वर्षे प्रतीक्षायादीत काढल्यावर मिळाला. चौदा दिवसांत शेड व पाया न काढल्यास तो परत घेतला जाईल, असे आपण कळवले आहे. यादीत पुन्हा नाव घातले तर नंबर लागेपर्यंत मी ऐंशीचा होईन आणि तोवर घरात बसेन. घराबद्दल माझी तक्रार नाही. घराची माझ्याबद्दल आहे. मी निवृत्त झाल्यापासून पत्नी एनिड हिने, "सिरिल, माझे डबे उंचीप्रमाणे लावणं थांबव, नाहीतर मी चालले बहिणीकडे," असे तीनदा बजावले आहे. तेव्हा प्रश्न शेडचा दिसत असला तरी संसाराचा आहे.

१. भाडेकराराच्या नियम ११(क) प्रमाणे शेडखाली काँक्रीट ओतता येत नाही. पाया उचलून नेता येईल असाच हवा. हा नियम मला तोंडपाठ आहे. पाया कसला घालावा याबद्दल मला संपूर्ण भाजीबागेचा सल्ला मिळाला, तोही न मागता. शेजारच्या १८ क्रमांकाचे श्री. वॉल्टर टॅटर्सॉल यांनी रेल्वेरुळांखालचे जुने लाकडी स्लीपर सुचवले. त्यांची स्वतःची शेड स्लीपरवरच असून गेल्या हिवाळ्यापासून ती माझ्या लीकच्या, म्हणजे जाड कांदापातीच्या, वाफ्यात डोकावते आहे. भाजीबाग भाडेकरूंच्या सचिव श्रीमती हिल्डा नटॉल यांचा कौल विटांच्या चार थरांना होता. मी तीन आठवडे विचार करून जुन्या दगडी फरशा निवडल्या.

२. हिरवळ सोलून जागा खणली, खडी पसरून धुमसाने ठोकली, वर दोन इंच वाळू घातली. दोरी आणि गुण्या लावून दोन फुटी बारा फरशा रबरी हातोड्याने एकेक करून बसवल्या आणि प्रत्येकीवर पाणसळ ठेवून पाहिली. सिमेंटचा कणही वापरला नाही. कुंपणापलीकडून श्री. टॅटर्सॉल ओरडले, "अरे, शेड बसवायचीय तिथं, बिशप नाही!" मी दुर्लक्ष केले. आपल्याच नगरपालिकेचे फूटपाथ मी अडतीस वर्षे बसवले आहेत; हाताला तेवढेच येते.

३. दि. १ सप्टेंबरला निरीक्षक श्री. केल्विन हॉलरॉइड आले. त्यांनी खिशातली पेन्सिल शेडच्या जमिनीवर ठेवली. ती हलली नाही. त्यांनी ती दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. तिथेही हलली नाही. ते म्हणाले, "कर्शॉसाहेब, अकरा वर्षं मी शेड तपासतोय. एकाही शेडमध्ये ही पेन्सिल थांबली नाही. खाली काँक्रीट आहे, कबूल करा." मी फरशी उचलून दाखवतो म्हणालो, परंतु नमुन्यात तसा रकाना नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी पहिली नोटीस आली.

४. म्हणून मी पुरावा तयार केला. आठ जणांनी शेड उचलून कोबीच्या वाफ्यात नेली (कोबीचे काय झाले ते लिहिण्यात अर्थ नाही). बाराही फरशा काढून, श्रीमती नटॉल यांनी पुरवलेल्या चहासह, चाळीस मिनिटांत काम संपवले आणि श्री. हॉलरॉइड यांना बोलावले. त्यांनी वाळू पाहिली, खडी पाहिली, मान डोलावली आणि अहवालात लिहिले : "पाया आढळला नाही." त्यावरून आपली दुसरी नोटीस आली, की नियम ११(ड) प्रमाणे कोणतीही शेड पायाविना उभी करता येत नाही.

५. मी त्याच जागी त्याच फरशा पुन्हा बसवल्या. पेन्सिल पुन्हा थांबली. तिसरी नोटीस आली.

६. श्री. हॉलरॉइड मनाने वाईट नाहीत. जाताना ते हळूच म्हणाले, "एखादी फरशी जराशी खचवा ना. मलाही बरं, तुम्हांलाही बरं." हा सल्ला मी मनापासून अमलात आणला. मधल्या फरशीखालची मूठभर वाळू काढली, पेन्सिल ठेवली, ती दाराकडे घरंगळत गेली. मग चहाचा फ्लास्क उघडून मी त्या फरशीकडे बघत बसलो. अर्धा कप संपायच्या आत माझे हात फरशीखाली होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा तर कप ओतलाही नव्हता. महोदय, मला ते जमत नाही, आणि याची मला लाजही वाटत नाही.

तरी विनंती की, आपण स्वतः यावे. पहार मी देईन. हवी ती फरशी आपल्या हाताने उचलून पाहावी आणि खाली वाळूच असेल तर नोटीस मागे घ्यावी. एवढे करूनही शेड जायचीच असेल, तर जाऊ द्या. मात्र दप्तरात कारण "सिमेंट" असे लिहू नये. "सरळ" असे लिहावे. त्या कारणासाठी भूखंड गेला तर मी मान वर करून फाटकाबाहेर पडेन.

आपला नम्र आणि, नाइलाजाने, सरळ,

सिरिल कर्शॉ
भाडेकरू, भूखंड १७-ब

सोबत :
१) तिन्ही नोटिशींच्या प्रती.
२) उचललेल्या फरशांची छायाचित्रे (श्री. टॅटर्सॉल यांचा अंगठा वगळून पाहावीत).
३) आठ उचलणाऱ्यांच्या सह्या.
४) पत्नी एनिड कर्शॉ हिचे पत्र, की वरील शेवटच्या परिच्छेदातील "जाऊ द्या" या भागाशी ती मुळीच सहमत नसून, शेडखाली सिमेंट असले तरी चालेल, पण शेड राहू द्यावी.