लिंबू पिळलेली वडी

नाना, वडी मऊ आहे आणि ती फसलेली नाही. हे वाक्य मला तुमच्यासमोर उभं राहून, तुमच्या डोळ्यांत बघून म्हणायचं होतं. तुम्ही त्याआधीच गेलात, म्हणून कागदावर लिहिते आहे. मी पत्रं लिहिणारी बाई नाही. ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि मुलांना सारखं एकच सांगत असते की आधी मुद्द्यावर या. म्हणून मुद्दा आधी सांगून टाकला. बाकीचं आता सावकाश सांगते. तुम्हाला गिऱ्हाईक थांबलेलं नाही आणि मला आज सुट्टी आहे.

पंचवटीतलं आपलं दुकान पुढून अरुंद आणि आत लांबच लांब होतं. पुढे बरण्या आणि तुमची गादी, मागे भट्टी. राजगिऱ्याची लाही फुटतानाचा तो बारीक तडतडाट, गुळाचा वास, भिंतीला धरलेली काजळी. तुम्ही बनियनवर, खांद्याला पंचा, एका हातात उलथनं. पाकाचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकायचा, गोळी झाली की ती वाटीच्या कडेवर आपटायची आणि कान द्यायचा. टण् वाजलं की कढई खाली. त्या वेळी कुणी बोललेलं तुम्हाला चालायचं नाही. आई दारातून काही विचारायला आली तरी तुम्ही हात वर करायचात आणि ती तिथेच गप्प उभी राहायची. मला मात्र भट्टीजवळ बसायची परवानगी नव्हती. "तू पुस्तकं घेऊन बस. इथं डोळे खराब करायला मी आहे," असं म्हणायचात. मी पुस्तकं घेऊन बसले. बी.एस्सी.ला गेले. तिथेच सगळं बिनसलं.

महाशिवरात्रीचा आदला दिवस आठवतो ना? नव्वदचं दशक नुकतं लागलेलं, मी दुसऱ्या वर्षाला. दुकानासमोर रांग, त्र्यंबकला जाणारे, रामकुंडावर आलेले, सगळ्यांना राजगिऱ्याची वडी हवी. गूळ कमी पडला म्हणून तुम्ही घाईने बाहेर पडलात आणि जाताना म्हणालात, "कढईकडे बघ. ढवळत राहा. बाकी काही करू नकोस." मी बाकी काहीतरी केलं. पावसाळ्यात आपल्या वड्यांचा गूळ दाणेदार व्हायचा, गिऱ्हाईक कुरकुरायचं, आणि त्याच आठवड्यात आम्हाला वर्गात शिकवलं होतं की पाकाला थोडं आंबट लागलं की साखर फुटते आणि मग ती पुन्हा दाणा धरत नाही. मला वाटलं, नानांचं काम सोपं करू. अर्धं लिंबू पिळलं.

तुम्ही आलात, लाही घातलीत, पाटावर लाटलीत, सुरी लावलीत. सुरीबरोबर वडीच वर आली. तुम्ही तो तुकडा दोन बोटांत धरलात. तो खाली लोंबत राहिला. "ही वडी आहे?" तुम्ही विचारलंत. "ही तर जीभ आहे." रांगेतले लोक हसले. मी साखरेचं काय होतं ते समजावायला लागले, तर तुम्ही मला पुरतं बोलूही दिलं नाहीत. "तुझी केमिस्ट्री कॉलेजात ठेवायची. माझ्या कढईपाशी लिंबू आणायचं नाही. गिऱ्हाइकानं दात लावला की आवाज आला पाहिजे. मऊ वडी म्हणजे फसलेली वडी." मग तो सगळा घाणा परातीत भरून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "जा, गंगेवर वाटून ये. आपल्या दुकानात हे दिसता कामा नये."

मी परात घेऊन गंगेवर, रामकुंडाच्या घाटावर गेले. पायऱ्यांवर म्हाताऱ्या बसल्या होत्या, दात नसलेल्या, तोंडं आत गेलेल्या. त्यांना वाटत गेले. रागाने डोळे भरले होते, म्हणून आधी लक्षात आलं नाही. पण परत वळले तर एकीनं माझी ओढणी धरली. "पोरी, अजून हाय का गं? लय मऊ केली." दुसरी म्हणाली, "आम्हाला कोण देतं असलं? सगळे फुटाणे नाही तर दगड देतात." परात चाटूनपुसून रिकामी झाली. मी घरी येऊन तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही कढईतून डोळे न काढता म्हणालात, "फुकटचं कुणाला नको असतं?" विषय संपला. तुम्ही असेपर्यंत मी भट्टीपाशी पुन्हा उभी राहिले नाही.

आता आईचं. तुम्हाला माहीत असलेलं पुन्हा सांगते, कारण पुढचं त्यावर उभं आहे. दर नवरात्रात आई नऊ दिवस उपास धरायची आणि त्यातला एक दिवस सप्तशृंगीला जायची. वणीवरून गडावर आणि मग पायऱ्या. तुम्ही कधी गेला नाहीत, नवरात्रात दुकान सोडणं शक्य नव्हतं. पण पहाटे तुम्ही तुमच्या हातच्या वड्या कापडात बांधून तिच्या पिशवीत ठेवायचात. पायऱ्या चढताना ती दुसरं काही खायची नाही. साबुदाण्याने पित्त, केळ्याने कफ, दुधाने बसमध्ये मळमळ. वडी चालायची. तुमच्याऐवजी वडी गडावर जायची, असं तिनं मला एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

तुम्ही गेल्यावर दुकान दुसऱ्याने घेतलं, दादा अमेरिकेला गेला, आई माझ्याकडे आली. गडावर जायचं तिनं सोडलं नाही. बाजारातली वडी घ्यायची, नावं ठेवायची आणि खायची. मग तिचे दात गेले. कवळी बसवली, ती तिला कधी मानवली नाही, पाण्याच्या पेल्यात पडलेली असायची. एका वर्षी ती तशीच उपाशी चढली. अर्ध्या पायऱ्यांवर तिला भोवळ आली. मी सोबत होते. मी तिला खाली आणलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती दर्शन न घेता परत फिरली. आम्ही बसमध्ये बसलो, दिंडोरी मागे पडली. मग आई म्हणाली, "देवीनं परत पाठवलं मला." मी म्हटलं, "देवीनं नाही, तुझ्या रिकाम्या पोटानं." ती खिडकीकडे तोंड करून बसली. त्या दिवसापासून आई खचली, नाना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पोटात काही असल्याशिवाय चढायचं नाही. आणि पोटात घालायला तिला एकच गोष्ट चालत होती, जी तिला चावता येत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात दादा आला. बॅग उघडली आणि चकचकीत कागदातल्या लांबट वड्या टेबलावर ओतल्या. ग्रॅनोला बार. तिकडे लोक डोंगर चढताना हेच खातात, म्हणाला. मी एक मोडून पाहिली. मऊ होती, वाकत होती आणि तरी सुटत नव्हती. आईनं वास घेतला. चिडली की तिची सटाण्याची भाषा बाहेर यायची, तशी आली. "हाई काय शे?"

"ओट्स आहेत, आई. एकदम पौष्टिक. उपासालासुद्धा चालेल."

"ओट म्हणजे?"

"एक प्रकारचं धान्य."

"धान्य उपासाला चालेल?" आई माझ्याकडे वळली. "ह्याला तिकडे कुणी सांगितलं गं? गोऱ्यांनी?"

दादा हसला, पण हट्ट सोडेना. "मग डोली करू. आरामात वर जाशील."

"डोलीत बसून जायला मी काय नवरी आहे?" असं म्हणून ती आत गेली. दारातून पुन्हा वळून म्हणाली, "पायानं गेले तर जाईन. नाही तर नाही." हे तिनं शांतपणे म्हटलं. म्हणूनच मी घाबरले.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात ती वाकणारी वडी बसली. मला तेच हवं होतं, फक्त राजगिऱ्याचं, उपासाचं, आणि पिशवीत ऊन लागलं तरी न वितळणारं. प्रयोगशाळेत जशी करते तशी एकेक गोष्ट बदलत गेले. मध घातला, वडी पिशवीला चिकटली. तूप वाढवलं, भुगा झाला. खजूर घातला, आई म्हणाली हे औषध लागतं. मग मिठाईवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोज आणलं. वडी देखणी झाली. बोटाने दाबली की दबायची, सोडली की वर यायची. मी श्रावणातल्या एका सोमवारी आईपुढे ताटली ठेवली. मनातल्या मनात मी तेव्हा गड चढूनसुद्धा आले होते.

आईनं तुकडा उचलला, तोंडापाशी नेला आणि थांबली. "ह्यात चिकट काय घातलंस?"

"ग्लुकोज."

"ते कशापासून करतात?"

वर्गात एखाद्या मुलाने उत्तर दडवलं तर मी त्याला उभं करते. आईला काय सांगणार होते? "मक्यापासून," मी म्हटलं.

तिनं तुकडा ताटलीत ठेवला, हात धुतले आणि म्हणाली, "तू खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं." मग तिनं थोडा विचार केला. "नाही. नसतं चाललं. बरं झालं सांगितलंस."

मी स्वयंपाकघरात उभी राहिले. समोर गूळ, लाही, दाण्याचं कूट. खिडकीशी भाजीची टोपली आणि टोपलीत लिंबं. नाना, मला त्या वेळी तुमचा आवाज इतका स्पष्ट आला की मी मागे वळून बघितलं. माझ्या कढईपाशी लिंबू आणायचं नाही. आणि त्या आवाजामागून गंगेवरची म्हातारी माझी ओढणी ओढत होती. अजून हाय का गं? ग्लुकोज मक्यातूनच यायला हवं असं कुणी सांगितलं होतं? गुळात लिंबू पिळलं की साखर फुटून ग्लुकोज कढईतच तयार होतं. हे मला दुसऱ्या वर्षाला असताना माहीत होतं. मी स्वतःवर इतकी चिडले की मोठ्यानं हसले.

गूळ विरघळला, लिंबू पिळलं. भिजवलेल्या मनुका पाट्यावर बारीक वाटून घातल्या, आपल्याकडच्या द्राक्षांच्या, त्या बाहेरून आणाव्या लागत नाहीत आणि उपासालाही चालतात. कूट, लाही, वेलदोडा. ताटात थापली, वाटीच्या बुडाने दाबली, गार होऊ दिली. सुरी लावली. ती सुरीबरोबर वर आली नाही. तुमच्या त्या घाण्यात लिंबू जास्त झालं होतं आणि पाक कमी आटला होता. अर्ध्या लिंबाऐवजी चार थेंब पुरतात, एवढीच माझी चूक होती. वडी सरळ कापली गेली. मी तुकडा दोन बोटांत धरला. तो थोडासा वाकला आणि तसाच राहिला.

आईनं तो कवळीशिवाय खाल्ला. सगळा. मग ताटलीकडे हात केला.

नवरात्रात आम्ही निघालो. वड्या मी तुमच्यासारख्याच कापडात बांधल्या. पायऱ्यांच्या वळणावर आई बसली, गाठ सोडली, एक वडी खाल्ली, पाणी प्यायली, उठली. गेल्या वर्षी जिथे भोवळ आली होती ती पायरी मला ओळखू आली. तिलाही आली, कारण तिनं तिथे पाय जरा जोरात ठेवला. त्याच्या वर ती पुन्हा बसली. शेजारी एक पेठकडची आजी टेकली होती, तिलाही दात नव्हते. आईनं तिला वडी दिली. आजीनं तोंडात घोळवली आणि डोळे बारीक केले.

"कुठं मिळाली ही, बाई?"

"माझ्या लेकीनं केली," आई म्हणाली. "हिचे वडील वड्या करायचे. पंचवटीत त्यांच्यासारखी वडी कुणाची नव्हती."

"त्यांनीच शिकवली म्हणायची."

"छे!" आई म्हणाली. "ते असते तर त्यांनी ही फेकून दिली असती." आणि ती अशी हसली की पायऱ्यांवरचे लोक वळून बघायला लागले. तुम्ही गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिनं दुसरी वडी काढली, ती हसतच खाल्ली आणि माझा हात न धरता वर गेली. दर्शन घेऊन बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "सांगितलं मी देवीला. आता पाठव म्हणावं परत."

त्यानंतर ती अनेक वर्षं गडावर गेली. शेवटच्या वर्षांत हळूहळू, पण पायानंच. ती वडी आता आमच्या सोसायटीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची आहे, स्टाफरूममध्येही जाते, आणि दादाची मुलं ते चकचकीत कागदातले बार सोडून हीच मागवतात. म्हणजे मी जिंकले, नाना. हे तुम्हाला कळवायचं होतं. तुमचं वाक्य चुकीचं होतं आणि मी ते माझ्या कढईत खोटं ठरवलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे इथे एक लिहायला हरकत नाही. दर नवरात्रात मऊ वड्या झाल्या की मी पुन्हा गूळ चढवते, लिंबू लांब ठेवते आणि तुमच्या पद्धतीनं एक ताट करते. वाटीत थेंब टाकते, गोळी कडेवर आपटते, कान देते. घरात कुणी बोललं तर हात वर करते. तुम्हाला जे ऐकू यायचं ते मला अजून ऐकू येत नाही. तुमची कडक वडी मला एकदाही जमलेली नाही.

यंदाही ती मऊच झाली.