सहभागी कारागीर : निरंक

नागपूर,
रविवार, दुपार

प्रिय देवकी,

तू फोन उचलत नाहीस ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. तसंही फोनवर मला नीट बोलता येत नाही. तुझा आवाज आला की पहिल्याच वाक्यात मी स्वतःची बाजू घ्यायला लागते, हे तू तीनदा ऐकलंच आहेस. कागदावर तसं होत नाही. तीस वर्षं सरकारी कागद लिहून पोट भरलं, त्यामुळे कागदात खोटं कुठून शिरतं ते मला लगेच दिसतं. म्हणून हे पत्र, आणि तेही हाताने लिहिलेलं. हाताने का, ते शेवटी सांगते.

आधी इकडचं. हे सकाळपासून कूलरच्या पंपाशी झटून राहिलेत. पाणी चढत नाही आणि ह्यांचा पारा उतरत नाही. माझी निवृत्ती येत्या महिनाअखेरीला आहे. सदर भागातल्या ऑफिसातलं माझं टेबल मी थोडं थोडं रिकामं करते आहे. खालच्या खणात मावशीचा स्टीलचा डबा सापडला. मागच्या हिवाळ्यात तिने तुझ्या रितिकाच्या हाती कोथिंबिरीची सांभारवडी पाठवली होती, तोच. ऑफिसातच सगळ्यांनी मिळून फस्त केली आणि डबा राहून गेला. घरी आणून घासून ओट्यावर ठेवला आहे. रिकामा डबा परत करायचा नसतो, आणि त्यात काय घालून पाठवावं ते आठ दिवस सुचत नव्हतं.

तुला आठवतं का, बाबा माग सोडून खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागले त्याचा मला लहानपणी केवढा तोरा होता? आमच्या कॉलनीत खिडकीच्या गजांवर राख असायची, पण नळाला पाणी होतं आणि महिन्याला पगार होता. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत उमरेडला मामाकडे आले की मी दिवसभर तुमच्याच घरी. मावशी खड्डामागावर पाय सोडून बसलेली, मधल्या अंगाला आडवा धागा नेणारा एक धोटा आणि दोन काठांना दोन, तू बाजूला बसून काठाचा धोटा तिला परत देणारी. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकला की करवतीचा एक दात उमटायचा. मला वाटायचं, यात काय आहे, मीही देईन. एका दुपारी तिने मला तुझ्या जागी बसवलं. मी दोनदा धोटा उलटा दिला आणि गप्प राहिले. मावशीने काठावरून नुसतं बोट फिरवलं, थांबली, आणि चार बोटं विणलेलं कापड उसवायला घेतलं. मी म्हटलं, मावशी, एवढंसं तर आहे, कोणाला दिसणार? ती म्हणाली, "मले दिसलं म्हणजे नेसणारीले बी दिसन वं. मग उसवाच लागते." तू तेव्हा मला जीभ दाखवली होतीस.

चार वर्षांपूर्वी आमच्या संस्थेतल्या संजीव सरांना सरकारी अनुदान मिळालं. प्रकल्प होता करवत काठाची जुनी वीण नोंदवून ठेवण्याचा. ते विणणारं माणूस शोधत होते आणि मावशीचं नाव मीच सांगितलं, छाती फुगवून. त्यानंतरचे अकरा महिने तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तू शिवणयंत्र झाकून ठेवलंस आणि पुन्हा मावशीच्या बाजूला बसलीस. बेचाळीस नमुने विणले तिने. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात लाल धाग्याची गाठ, तिची खूण. दातांच्या किती तऱ्हा तिला तोंडपाठ होत्या, आणि एकही कुठल्या कागदावर नव्हती. सर धागे मोजून वहीत लिहायचे आणि ती हसायची, "साहेब, हे वाचून कोनी विनन का? बसा लागते, बुड टेकवून!" सरही हसायचे. तेव्हा सगळं चांगलंच होतं.

अनुदानातून होणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाची माहिती लोकांसाठी संकेतस्थळावर टाकायची असते, कोणी मागायच्या आधी, स्वतःहून. जनतेचा पैसा आहे, जनतेला कळलं पाहिजे. त्या वर्षी अडुसष्ट प्रकल्पांची यादी माझ्याकडे होती. प्रकल्पाचं नाव, प्रमुख, उद्देश, रक्कम, कालावधी, निष्पत्ती. आणि सातवा रकाना, सहभागी कारागीर. सरांच्या अर्जात सातवा रकाना कोरा होता. मला वाटलं विसरले. मी आत जाऊन विचारलं. सर म्हणाले, "त्या बाईंना रोजचे पैसे दिले आहेत, कुशल मजूर म्हणून. मजूर म्हणजे सहभागी नव्हे, प्रेमलताबाई. नाव टाकलं की उद्या विद्या कोणाची, हक्क कोणाचा, असे प्रश्न निघतात. राहू द्या तसंच."

तसंच राहू देता येत नाही. रकाना कोरा असला की संगणक यादी पुढे जाऊ देत नाही. आणि जिथे लिहायला काही नसतं तिथे काय लिहायचं हे आमच्याकडे शिपायालाही माहीत असतं. निरंक. आलेल्या तक्रारी, निरंक. प्रलंबित प्रकरणं, निरंक. माझ्या बोटांना तो शब्द न बघता येतो. मी तो लिहिला, आणि यादी मुदतीच्या एक दिवस आधी लागली.

त्या यादीतली रक्कम आम्ही तीनदा तपासली होती, रुपयाचाही फरक नव्हता. एका वर्तमानपत्राने आकडे पडताळून पाहिले, बरोबर निघाले, आणि पारदर्शकतेबद्दल आमच्या विभागाला कौतुकाचं पत्र आलं. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. सातव्या रकान्याबद्दल कोणी एका शब्दाने विचारलं नाही. मावशी सोडून.

तो दिवस मी किती वेळा आठवला असेन. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी तिला बघायला आले होते. ती काळा चष्मा लावून ओसरीवर बसलेली, एखाद्या पुढाऱ्यासारखी, आणि तू म्हणालीस, "आईले आता फक्त गाडी आन् गार्ड पाहिजे." रितिकाने मोबाइलवर यादी काढली आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवली. प्रकल्पाचं नाव आलं, मावशीने मान हलवली. सरांचं नाव आलं, मान हलवली. मग रितिका म्हणाली, "सहभागी कारागीर, निरंक." मावशीची मान थांबली. "हा निरंक कोन वं?" ती म्हणाली, "आपल्यातला आहे का? निमजे का नंदनवार? तीन धोट्यावर विनते का तो? आना त्याले, बसवा माझ्या पुढं, पाहू किती दात काढते तर." तुम्ही दोघी हसलात. रितिकाला तो शब्द ठाऊक नव्हता, तुलाही नव्हता. मला होता. मावशीने चष्म्यामागून माझ्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "तुया हापिसातला आहे का गं प्रेमे?" आणि मी म्हणाले, "असेल कोणीतरी, मावशी."

पुढे रितिकाने अर्थ शोधून काढला. तू फोन केलास आणि सांगितलंस की आई जेवली नाही, नुसती म्हणाली, "म्हनजे मी मागावर बसलीच नोहती." तू मला विचारलंस, "काहून वं प्रेमे, तुया हातून गेलं का हे?" मी म्हणाले, वरून तसंच येतं, आमच्या हातात काही नसतं. नंतर दुसऱ्या फोनवर म्हणाले, हातून गेलं, पण सवयीने गेलं. तिसऱ्या वेळी रडले. तिन्ही वेळा अर्धंच सांगितलं. राहिलेलं आज लिहिते.

सरांनी "राहू द्या" म्हटलं त्या दिवशी त्यांच्या टेबलावर माझ्या बढतीचा प्रस्ताव होता. प्रभारी प्रमुख तेच होते. मी खोलीत शिरले तेव्हा फाइलीच्या पाठीवर माझं नाव मला उलटं दिसत होतं. त्यांनी त्या फाइलीचं नाव काढलं नाही, मीही नाही. तीन आठवड्यांनी मी अधीक्षक झाले, आणि पेढे घेऊन पहिली तुझ्याकडे आले. मावशीने मला ओवाळलं. म्हणाली, "पोरगी मोठी सायबीन झाली."

याहून वाईट पुढचं आहे. मावशीचा ज्येष्ठ विणकर सन्मानाचा अर्ज का नामंजूर झाला, हे तुम्हाला अजून नीट माहीत नाही. समितीने संकेतस्थळावरची यादी बघितली आणि शंका आली म्हणून आमच्या संस्थेला पत्र पाठवलं. रुख्माबाई पराते यांनी या प्रकल्पात कारागीर म्हणून काम केलं होतं का, कळवावं. शंका घेणारं एक तरी माणूस तिथे होतं, देवकी. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. ते पत्र माझ्याकडे आलं. तेव्हा निरंक म्हणजे काय हे उमरेडमध्ये सगळ्यांना कळून चुकलं होतं, तुझा पहिला फोनही येऊन गेला होता. मी सरांकडे गेलेही नाही. कोणी सांगितलं नाही, कोणी अडवलं नाही. आधी एक लिहिलं आहे, आता वेगळं लिहिलं तर आधीचं कोणी केलं असा प्रश्न येईल, एवढाच विचार केला आणि उत्तर तयार केलं: "अभिलेखानुसार सहभागी कारागीर निरंक आहेत." त्यावर सरांनी फक्त सही केली. शब्द माझे होते. पहिल्यांदा बोटांना सवय होती म्हणता येईल. दुसऱ्यांदा मी नीट वाचून, काना-मात्रा तपासून लिहिलं.

तो सन्मान मिळाला असता तर तुमच्या ओसरीवर आठ मुलींचा वर्ग सुरू झाला असता. सन्मानाबरोबर मागांना मंजुरी मिळाली असती आणि मावशी शिकवायला बसली असती. ती आता एक्याऐंशीची आहे. डोळे नवे आहेत, पण हात कापतो असं तूच सांगितलंस. सरांची वही इथे कपाटात आहे, सुरेख बांधलेली. ती वाचून अजून कोणी विणायला शिकलेलं नाही.

शुक्रवारी मी यादी दुरुस्त करण्याचा अर्ज माझ्या सहीने दिला. काय लिहिलं, कधी लिहिलं, दोन्ही वेळा का लिहिलं, सगळं. सरांनी तो उभ्यानेच वाचला आणि म्हणाले, "तुमचे पेन्शनचे कागद अजून निघायचे आहेत ना?" आवाज न चढवता बोलतात ते, तुला माहीत आहे. मी हो म्हणाले आणि पोच मागून घेतली. ह्यांना मात्र आज सकाळी सांगितलं. हे उठले आणि कूलर उघडून बसले, ते अजून तिथेच आहेत.

आता हाताने लिहिण्याचं कारण. त्या नामंजुरीवरच्या मावशीच्या अपिलाची सुनावणी अठरा तारखेला आहे. अर्जावर निर्णय कधी होईल सांगता येत नाही, आणि फाइल दाबून कशी ठेवतात ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र तुझ्यासाठी आहे आणि समितीसाठीही; हाताने लिहिलं की हे माझं नाही असं उद्या कोणाला म्हणता येणार नाही, मलाही नाही. त्यांच्यापुढे हे पूर्ण वाच, सांभारवडी आणि कूलरसकट, काही गाळू नकोस. बेचाळीस नमुने आमच्या लोखंडी कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहेत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल गाठ आहे, ते मागवायला सांग. मी दाराबाहेर बाकावर असेन. हाक मारली तर आत येईन, नाही मारली तर बसून राहीन. पत्र डब्यात घालून रितिकाकडे देते आहे. आणि मावशीला सांग की निरंक कोण ते कळलं. खापरखेड्याची आहे, आपल्यातलीच, निमज्यांची सून. माझ्या पुढं बसवा म्हणाली होती ना ती, तिला वाटेल तेव्हा मी येऊन बसते. खाली "तुझीच" लिहायला हात आपोआप गेला होता. सवयीने रकाना भरणं आता नको, म्हणून "तुझी"च्या पुढची जागा कोरी ठेवते. तिथे काय लिहायचं ते तू ठरव. निरंक लिहिलंस तरी माझी हरकत नाही.

तुझी . . . . . . . . .

(सही)
प्रेमलता ओमप्रकाश निमजे
अधीक्षक