माझी कावीळ कुणी उतरवली

आक्कांचा मळा, तालुका शिरोळ
रविवार, दुपारी वीज गेल्यावर

तीर्थस्वरूप बसलिंगाप्पा मामांच्या चरणी वीरेशचे शरणु शरणार्थी.

मी इकडे खुशाल आहे (कितपत, ते पुढे कळेलच). तुम्ही, शांतादेवी मामी आणि दुकानातली मंडळी मजेत असाल. पेंडीची पोती अजून तुम्हीच उतरवून घेता असं ऐकतो. त्या कामाला माणसं ठेवली आहेत, मामा, त्यांनाही थोडी संधी द्यावी. आता फोन हातात असताना हा मुलगा पत्र कशाला लिहितोय असं तुमच्या मनात आलं असेल. कारण सरळ आहे. व्हॉइस मेसेज पाठवला की तुम्ही तो दुकानात मोठ्याने लावता. माझा मागचा मेसेज पेठ वडगावच्या बाजारातल्या निम्म्या गिऱ्हाइकांनी ऐकला आणि त्यातल्या एकाने मला फोन करून सल्लाही दिला. हे पत्र चष्मा लावून, एकट्याने, मनातल्या मनात वाचावं ही विनंती.

बसव जयंतीला तुम्ही सगळ्यांच्या देखत मला विचारलं होतं, ‘तू शिकतोस तरी काय नेमकं?’ मी म्हणालो, जागतिक आरोग्य, वैद्यकीय मानववंशशास्त्राच्या अंगाने. तुम्ही म्हणालात, ‘म्हंजे सुई टोचता येती का न्हाय?’ मी नाही म्हटल्यावर तुम्ही पुन्हा पानातल्या पुरणाच्या होळगीकडे वळलात. माझं उत्तर राहिलं ते राहिलंच. (तुमच्या बहिणीने, म्हणजे आमच्या अव्वाने, हा प्रश्न तिच्यापुरता सोडवला आहे. मंगळवार पेठेत ती सांगते की आमचा वीरेश इतका मोठा डॉक्टर होणार आहे की त्याला पेशंटला हात लावायचीसुद्धा गरज नाही.) तर ऐका. डॉक्टर विचारतो, कुठे दुखतंय. आम्ही विचारतो, दुखतंय हे आधी कुणाला सांगितलं, त्याने कुणाकडे पाठवलं, तिथे गुण आला नाही म्हणून कुणाकडे गेलात, आणि दवाखाना वाटेत असताना तो ओलांडून पुढे का गेलात. एवढं सगळं विचारून झालं की आम्ही काहीच औषध न देता उठतो. लोक चिडतात ते इथे.

माझा विषय आहे कावीळ. नदी पात्राबाहेर येऊन गेली की इकडच्या गावांत पाणी नासतं आणि माणसं पिवळी पडायला लागतात, म्हणून मी आक्कांच्या मळ्यावर येऊन राहिलो. आक्का म्हणजे या घराच्या मालकीण. ऊस, म्हशी आणि गावातली निम्मी भांडणं त्याच सांभाळतात. त्यांचा मुलगा कृष्णात साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर असतो आणि सून सुवर्णा तेव्हा पोटुशी होती, पहिलीच वेळ. अभ्यासाला ‘जागतिक’ म्हणतात हे कळल्यावर कृष्णातने मला विचारलं, ‘पावणं, शिरोळ कवा गेलं जगात?’ परदेशात माझ्या मार्गदर्शक बाई आहेत, त्या दर आठवड्याला व्हिडिओवर भेटतात. त्यांचा नियम एकच: लोकांत राहायचं, त्यांच्यासारखं जगायचं, सगळं बघायचं, ढवळाढवळ करायची नाही. मी लोकांसारखा इतका मनापासून जगलो, मामा, की त्यांच्याच हापशाचं पाणी प्यायलो आणि मलाच कावीळ झाली.

ती मी शोधली नाही. आक्कांनी शोधली. सकाळी चहा देताना त्या थबकल्या आणि ओरडल्या, ‘अरं डोळं बघ की आरशात! हळकुंड झालाईस!’ अर्ध्या तासात अंगण भरलं. इतके दिवस मी वही घेऊन या लोकांच्या दारोदार फिरत होतो आणि ते ‘नंतर या’ म्हणायचे. आता सगळे आपणहून आले आणि एकाच वेळी बोलायला लागले. एकीने उसाचा रस सांगितला, दुसरीने रसाने कावीळ पोटात बसते असं सांगितलं, आणि दोघींची त्यावरून अशी जुंपली की पेशंट कोण हे विसरायला झालं. आक्कांनी तातडीने घरातलं पिवळं सगळं बंद केलं. हळद गेली, डाळ गेली, केळी गेली. माझा पिवळा टी-शर्ट त्यांनी म्हशीच्या गोठ्यात पोतेरं म्हणून नेला.

मग मला केरबांकडे नेण्यात आलं. केरबा म्हणजे पंचक्रोशीतले काविळीची माळ घालणारे. कुठल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवून ते डोक्यावर ठेवतात. माळ दिवसागणिक लांबत जाते आणि खांद्यावरून खाली उतरली की कावीळ उतरली. शिवाय चुन्याच्या पाण्याने हात धुतात आणि पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ डोळ्यांदेखत तांब्यात! शास्त्र म्हणून मला या सगळ्याचं निरीक्षण करायचंच होतं, त्यामुळे मी आनंदाने डोकं पुढे केलं. येताना वाटेत उतरून मोहसीनलाही भेटलो. तुम्हाला आठवेल, मंगळवार पेठेतला माझा शाळासोबती, आता इथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. त्याने माझ्या डोक्यावरची माळ बघितली, रक्त काढलं आणि म्हणाला, ‘वीऱ्या, ही आपली आपण जाणारी कावीळ हाय. आराम कर, उकळलेलं पाणी पी. औषध काय न्हाय.’ बाहेर थांबलेल्या आक्कांना हे ऐकून डॉक्टरची कीव आली. रक्त काढून घेतलं आणि बदल्यात गोळीसुद्धा दिली नाही, याला त्या सरळसरळ लूट म्हणाल्या.

पुढे व्हायचं तेच झालं. मी पडून राहिलो, माळ लांबली आणि कावीळ आपली आपण गेली. गावात बातमी झाली की परदेशात शिकणारा डाक्टर केरबांच्या माळेने बरा झाला. केरबांनी माझ्यासोबत फोटो काढून मोबाईलवर लावला. आता आलेल्या माणसाला ते आधी तो फोटो दाखवतात. मी काही बोललो नाही. बाईंचा नियम होता, ढवळाढवळ नाही. शिवाय, मामा, खरं सांगायचं तर सत्कार गोड लागत होता.

आणि एका सकाळी सुवर्णाचे डोळे पिवळे झाले.

आठवा महिना सरत आला होता. मी मोहसीनला फोन लावला. त्याचा आवाजच बदलला. पोटुशी बाईची कावीळ वेगळी, म्हणाला, तिच्यात बाई आणि मूल दोघंही जाऊ शकतात, आजच्या आज कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात हलवा. मी अंगणात येऊन हे सांगितलं तर आक्का तोवर केरबांकडे निघायच्या तयारीत, कृष्णात गाडी पुसत होता. मी आडवा उभा राहिलो. आक्का म्हणाल्या, ‘तू कुणाच्या माळंनं उठलास?’ मी म्हणालो, माझी आपली आपण गेली, मोहसीनने तेव्हाच सांगितलं होतं. ‘त्यानं निस्तं रगात काढलं. आवषद कुठं दिलं? तुला चालती माळ आणि माझ्या सुनंला न्हाय व्हय?’ सुवर्णा भिंतीला टेकून बसली होती, पोटावर हात ठेवून, आणि ती आक्कांकडे नाही, कृष्णातकडे नाही, माझ्याकडे बघत होती. त्या गावात काविळीतून उठलेला शिकलेला माणूस मीच होतो ना!

मी आक्कांना म्हणालो, बसा, केरबांनाच इथे आणतो. कृष्णातची गाडी घेतली आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. केरबा माळेला लगेच तयार. नको म्हटलं असतं तर ते हट्टाला पेटले असते, हे मी एव्हाना जाणून होतो. म्हणून मी असं केलं (बाई, क्षमा करा): त्यांना म्हणालो, माळ घालाच, पण ती कोल्हापूरच्या मोठमोठ्या डॉक्टरांच्या समोर लांबू दे. तुम्ही सोबत चला, त्यांनाही कळू दे. केरबा आत जाऊन इस्त्रीचा सदरा आणि फेटा घालून बाहेर आले.

त्यानंतर आक्कांची काही तक्रारच उरली नाही. गाडी चालवायला कृष्णात, त्याच्याशेजारी केरबा, मागे सुवर्णा, तिच्या डोक्यावर माळ, एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला मी. इस्पितळात एका परिचारिकेने माळ काढायला सांगितली तेव्हा केरबांनी वॉर्डात असा आवाज चढवला की शेजारच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, सुवर्णाचे डोळे बघितले, माळ बघितली आणि म्हणाल्या, ‘राहू दे ती डोक्यावर. हात मोकळा आहे ना? सलाईन लावा.’ केरबांनी मान डोलावली, जणू त्यांच्याच सूचनेवरून.

मधले काही दिवस वाईट गेले. एक दिवस तर सुवर्णा माणसं ओळखेना. आक्का, ज्यांच्यापुढे ऊसतोडीचा मुकादमही हळू बोलतो, त्या जिन्यात माझा हात घट्ट धरून बसल्या आणि म्हणाल्या, ‘तू आडवा आलास म्हणून शिव्या दिल्या रं मी तुला मनात.’ मी नुसता बसून राहिलो, आणि हा अभ्यास घेतल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला सुई टोचता यायला हवी होती. केरबाही तिथेच होते. फेटा मांडीवर काढून ठेवला होता आणि ते एकदाही माळेबद्दल बोलले नाहीत.

सुवर्णा वाचली. मुलगी झाली, वेळेआधी, मुठीएवढी, पण आवाज आजीचा. श्रेयाची वाटणी अशी झाली: केरबा म्हणतात माळ, मोहसीन म्हणतो वेळेत आणलंत म्हणून, कृष्णात म्हणतो त्याने गाडी पळवली म्हणून, आक्का म्हणतात देवी. मी बाईंना व्हिडिओवर सगळं कबूल केलं, की मी ढवळाढवळ केली आणि अभ्यास बिघडवला. त्यांनी आधी विचारलं, ती मुलगी कशी आहे? आणि नंतर म्हणाल्या, आता प्रबंधातलं ते प्रकरण नव्याने लिही, आणि त्यात तू स्वतः काय केलंस तेही लिही. म्हणजे मुक्काम वाढला.

मामींना नमस्कार. अव्वाला माझ्या काविळीचं कळू देऊ नका, तिला मी संशोधनासाठी वजन कमी केलंय असं सांगितलं आहे.

तुमचा भाचा,
वीरेश

ता. क. हे सगळं मी तुम्हाला माझा अभ्यास कळावा म्हणून लिहिलेलं नाही. तुम्ही शुगरच्या गोळ्या बंद करून कुणाचा तरी काढा सुरू केलाय, आणि पायाची जखम पायमोजात लपवून दुकानात बसताय. काढा अजिबात सोडू नका. बाटलीत घेऊनच या, मी पण घोटभर घेईन. पण गुरुवारी मोहसीनकडे माझ्याबरोबर चला. तो तुम्हाला काही बोलणार नाही, त्याला मी दम दिलाय. सुवर्णाने माझ्याकडे बघितलं तसं मामींनी माझ्याकडे बघू नये, मामा, एवढीच मागणी आहे.

ता. क. दुसरे. हे मला मामींकडून कळलं असं तुम्हाला चुकूनही सांगायचं नाही, असं मामींनी फोनवर शपथ घालून बजावलं होतं. आता ही ओळ पेनाने लिहून गेलीय आणि दुसरा कागद घरात नाही, तेव्हा कृपया तेवढी एक ओळ वाचू नये.