दोरीवरचे लंगोट

इस्लामपूर
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. पाटणला आईचा खोकला कमी झाला का ते विचारून मला कळव. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज आला की माझ्या तोंडून आपोआप 'मजेत' निघतं. कागदावर तेवढं सोपं जात नाही.

आधी चांगलं सांगते. बाळ अंगानं भरलंय. मांड्यांवरचे लाल चट्टे पार गेले. तू म्हणत होतीस तेच खरं, दुकानातल्या डायपरनंच त्याला त्रास होत होता. आता दिवसभर कापडच असतं. आईच्या जुन्या सुती साड्यांचे तू फाडून दिलेले लंगोट सगळ्यात उपयोगी पडले. बटणांचे कापडी डायपर बाहेर जाताना घालतो. साखर कारखाना सुरू आहे, त्यामुळे काजळी पडते आणि अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या कापडावर काळे ठिपके उठतात. म्हणून दोरी गोठ्याच्या पत्र्याखाली बांधली आहे.

त्या दोरीचे फोटो मी तुला पाठवत होते. तू ते तुझ्या मैत्रिणींना दाखवलेस, 'माझी अंकी बघा, एकटीनं सगळं करते' असं त्यांना सांगितलंस, आणि ते मला कौतुकानं कळवलंस. त्या दिवशी मी जेवले नाही.

ताई, त्यातला एकही लंगोट मी धुतलेला नव्हता. आबांनी धुतले होते. माझ्या सासऱ्यांनी.

सव्वा महिन्यानं पाटणहून इकडे आले, शिवतेजची सुट्टी संपून तो नोकरीवर परत गेला आणि घरात मी, आबा आणि बाळ एवढेच राहिलो. सासूबाई असत्या तर, असं मनात यायचं, पण त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. कापडी डायपरात घालायच्या नव्या पट्ट्या वापरायच्या आधी तीन-चार वेळा धुऊन घे, नाहीतर पाणी शोषत नाहीत, असं तू बजावलं होतंस. मी तेवढंही केलं नाही. पहिल्याच दिवशी दुपटं, गादी, माझी साडी, सगळं भिजलं. ते उचलून बादलीत टाकलं. दुसऱ्या दिवशीचं त्यावर टाकलं. बादली भरली तशी न्हाणीमागं सरकवली आणि वर पाट ठेवला. आबांनी बघू नये एवढीच काळजी. सासऱ्यांसमोर असली कापडं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. वास यायला लागला तेव्हा मी गुपचूप पुन्हा डायपर आणले. बाळाचे चट्टे फुटून त्यातून पाणी यायला लागलं.

आळस म्हणशील तर तसं नव्हतं. दमणूक म्हणशील तर तीही नव्हती. कसं सांगू? अंगात माती भरल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी बाळ रडायला लागलं. त्याला शी झाली होती, मला कळत होतं. मी सोप्यात खांबाला टेकून बसले होते. आत चार पावलांवर ते रडत होतं आणि मी उठले नाही. रडून रडून त्याचा आवाज बसला, तरी उठले नाही. ताई, मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. रागसुद्धा नाही. हे मी अजून शिवतेजलाही सांगितलेलं नाही.

आबा रानातून आले. माझ्याकडं एकदा बघितलं आणि तसेच आत गेले. थोड्या वेळानं बाळाला घेऊन बाहेर आले. त्याला धुऊन पुसून लंगोट बांधला होता, तोही असा ढिला की चालता चालता घसरत होता. मग त्यांनी न्हाणीमागची बादली ओढली आणि दगडावर धुणं सुरू केलं.

मी धावत गेले. "आबा, ठेवा ते. लोक बघतील," एवढंच सुचलं मला. त्या क्षणीसुद्धा लोकच आठवले.

ते खाली मान घालून घासत राहिले. म्हणाले, "शिवतेजचा एकबी लंगोट मी धुतला न्हाई. तवा मी सरहद्दीवर. सुट्टीवर आलो तर पोरगं चालत हुतं. मला बघून आयच्या मागं दडलं."

मग रोज तेच धुवायला लागले. शेजारच्या सुलाबाईंनी कुंपणावरून विचारलंच, सून काय करते म्हणून. मी दाराआड होते. आबा शांतपणे म्हणाले, "सून आजारी हाय." मला वाटलं, माझी अब्रू झाकायला खोटं बोलले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी काढली आणि मला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. स्वतः बाहेर बाकावर बाळाला घेऊन बसले. बाईंनी विचारलं, "बाळाला घ्यावंसं वाटतं का?" आणि मी रडायला लागले. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना असं होतं, म्हणाल्या. गोळ्या दिल्या. झोप सांगितली.

गोळ्यांनी हळूहळू फरक पडतोय. परवा लंगोट बदलताना बाळानं पाय झाडले, आणि मला हसू आलं. आपोआप आलं. मग घाबरून मी इकडं तिकडं बघितलं, जणू चोरी केली होती.

पण लाज काही जात नाही. आबांची लाज राहिली नाही. आता आम्ही दोघं मिळून घड्या घालतो, त्यांच्या अगदी पलटणीतल्यासारख्या चौकोनी होतात. लाज वाटते ती त्या दुपारची. बाळाला ते आठवणार नाही, असं बाई म्हणाल्या. मला आठवतं ना.

तू पुढच्या रविवारी येणार आहेस. आईला यातलं काय सांगायचं ते तू ठरव; मला जमणार नाही. शिवतेजला मात्र मीच सांगेन. आबांपुढं हा विषय काढू नकोस, ते उठून रानात जातील.

आणि ताई, आलीस की मला शाबासकी देऊ नकोस. रागावलीस तरी चालेल. फक्त बाळाला घे, आणि माझ्या शेजारी बस.

तुझीच,
जिचं तू कौतुक केलंस ती नव्हे, ही खरी
अंकी