बोडीकाठच्या बांधीतला सावा

माय, बोडीकाठची, तिच्या पाण्यावर धान पिकवणारी आपली बांधी गेली. म्हणजे चारी कडांचे धुरे आहेत अजून, पण आतली माती वीटभट्टीवाल्यानं खोल खरडून नेली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगावं असं दुसरं कोणी सुचत नाही. सांगताना रागही येतो, कारण तू असतीस तर आधी मलाच झापलं असतंस.

तुझं झापणं काय विसरते मी! दहावीत असेन, तुझ्याशेजारी चिखलात वाकून निंदत होते, आणि धानासारखंच दिसणारं तण, सावा, समजून धानाचंच रोप उपटलं. तू ते माझ्या नाकाशी धरलंस. "आंधळी हायेस का वो? पानाच्या सांध्यावर जीभ पाह्य. जीभ हाय तं धान, नाही तं सावा." संध्याकाळी चुलीपुढं माझ्या तळपायांना तेल चोळताना मात्र तूच हसतेस, बाबांना ती गोष्ट रंगवून सांगतेस. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरची ती वर्षं. मग गावात तणनाशक आलं, आणि लोक आता काहीही म्हणोत, तू खूश झालीस. पहिल्या फवाऱ्यानंतर सावा पिवळा पडलेला पाहून धुऱ्यावर पाय पसरून बसलीस. "आता माही कंबर माही झाली," म्हणालीस. तशी बसलेली तू मला फार आवडतेस.

तू गेलीस आणि काही वर्षांत सावा त्या औषधाला जुमानेना. भाऊ तेच मारत राहिला, मग जास्त मारलं; धान करपलं, सावा ऐटीत उभा. एव्हाना मी साकोलीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत लागले होते. आपल्या बांधीच्या बोडीकडच्या कोपऱ्यात सावा खुरटलेला दिसला, म्हणून तिथली माती नेली. तिच्यात एक जिवाणू सापडला. तो साव्याच्या मुळाला चिकटतो, मूळ वाढू देत नाही, धानाला मात्र काही करत नाही. कुंड्यांमध्ये काय काम केलं त्यानं! मी वेड्यासारखी नाचले, माय. तुझ्याच मातीतून निघाला होता ना तो.

बांधीत सोडला आणि सगळं मुसळ केरात. कुंडीत त्याला एकट्याचं राज्य होतं; बांधीत दुसऱ्या जिवाणूंची ही गर्दी, वर साचलेलं पाणी, उन्हाचा चटका. धानाच्या रोपांची रोवणी आटोपेपर्यंत त्याचा मागमूस उरला नाही. पुढच्या हंगामात शेणखतात मुरवून टाकला, त्याच्या पुढच्या हंगामात बियाण्याला चोळला. भाऊ धुऱ्यावरून ओरडायचा, "ताई, तुह्या किड्यायले भूक नाही लागत का वो?" आधी हसून, नंतर हसणंही गेलं. निंदायला बाया मिळेनात, आणि कापणीला धानापेक्षा सावाच जास्त. तशात भट्टीवाला माती मागायला आला. भाऊ मला म्हणाला, "मातीसंगं साव्याचं बियाणंही जाईन. तू सांग, यंदा तुहा किडा चालन का? चालत असन तं नाही देत मी." माझ्या एका शब्दावर बांधी अडली होती. खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "नाही चालन. देऊन टाक."

साव्याचं बियाणं गेलं, जिवाणूही गेला, आणि खालून निघाला तो पिवळा मुरूम. त्यात काही पिकेल असं मला वाटत नाही. प्रयोगशाळेत बाटलीत ठेवलेले जिवाणू जिवंत आहेत, पण ज्या मातीत ते तगले होते ती आता कुणाच्या तरी भिंतीत असेल. लोक विचारतात, पुढं काय? मी म्हणते, प्रयोग चालू आहे. काय चालू आहे, कप्पाळ!

हे पत्र कुठं टाकणार मी? एवढं एकच सांगायचं राहिलं. ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी बांधीतली टोपलंभर माती उचलून आणली आणि इथं गॅलरीतल्या कुंडीत भरली. तिच्यात काही पेरलं नव्हतं. परवा एक हिरवं पातं वर आलेलं दिसलं. चष्मा लावून खाली बसले, पानाच्या सांध्यावर जीभ शोधली. नव्हती. तरी आज सकाळी मी त्याला पाणी घातलं, माय.