नळीची तपासणी

भाईंदर, ता. ९ मार्च १९७४

सौ. सुगंधास आशीर्वाद. देवाच्या कृपेने आज खोलीवर परतलो.

इस्पितळात मागून नळी घालून तपासताना आतड्याला बारीक भोक पडले. पोट दुखू लागले, पण त्या जागेचे दुखणे नर्सबाईंना कसे सांगावे, म्हणून मुकाट खोलीवर आलो. संध्याकाळी पोट फुगले. शेजारच्या लवूने परत नेले. डॉक्टर म्हणाले, "अहो, तेव्हाच बोलायचं होतं ना." मग पोट उघडून भोक शिवले. पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. एकादशा केलेल्या अंगालाही जड गेले.

आता पेज पचते. थकवा फार आहे. आईला नुसता ताप होता म्हण.

वर्षभर तू ओटीपोट धरून बसतेस आणि विचारले की "काही नाही" म्हणतेस. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना सगळे सांग. मी लाजलो तेवढे दोघांना पुरे.

तुझा,
राघो